पोरांना बळीराजा नको, पट्टी शिकवा

आजची नोंद करप्याची नाही, खताच्या डोसाचीही नाही. आज शाळेवर लिहितोय. कृषी सहायक साहेब, गुरुजी, बाई, जे कोणी हे पान वाचतात त्यांनी शेवटपर्यंत वाचावं. लांबलंय थोडं.

आपल्याकडं शाळेत शेती दोन प्रकारे शिकवतात. पहिला प्रकार निबंधाचा. 'शेतकरी जगाचा पोशिंदा', 'बळीराजा', 'काळ्या आईचा लेक'. पोरं पाठ करून लिहितात, दहापैकी आठ मार्क मिळतात. दुसरा प्रकार सहलीचा. शहरातल्या शाळेची बस हुरड्याच्या दिवसांत येते, पोरं बैलगाडीत बसतात, ट्रॅक्टरवर फोटो काढतात, पिठलं-भाकरी खाऊन चार वाजता परत. दोन्ही प्रकारांत वाईट काही नाही. पण ताटातला कांदा ताटापर्यंत कसा आला, हे दोन्हींतून कळत नाही. निबंधातून शेतकऱ्याबद्दल कीव येते, सहलीतून मजा येते. समज येत नाही.

परिसर अभ्यासात पिकं असतात, ऋतू असतात, पाणी असतं. ते चांगलंच आहे. पण शेत, ट्रक, दुकान, घर अशी चार चित्रं काढून मधे बाण दिले की अन्नाचा प्रवास शिकवून झाला असं समजतात. माझं म्हणणं एवढंच आहे की सगळा खेळ त्या बाणांमधे आहे. पैसा तिथं हलतो, माल तिथं सडतो, आणि घाम गाळणारी निम्मी माणसं त्या बाणांखाली झाकून जातात.

मी निफाड तालुक्यातला, म्हणून कांद्याचंच सांगतो. तुम्ही तुमचं पीक धरा.

बाण पहिला : बी

कांद्याचा प्रवास रोपापासून सुरू होतो असं शेतकऱ्याच्या पोरांनाही वाटतं. तो त्याच्या एक वर्ष आधी सुरू होतो. चांगले निवडक कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा जमिनीत लावायचे, त्याला डेंगळे येतात, त्यावर गोंडे फुलतात, मधमाशी एका गोंड्यावरून दुसऱ्यावर फिरते, तेव्हा एप्रिलच्या आसपास काळं बी हातात येतं. ते बी पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोपवाटिकेत टाकायचं. डिसेंबर-जानेवारीत लागवड. एप्रिलमधे काढणी. मग चाळ. सप्टेंबरात बाजार. हिशोब करा, डेंगळे लावल्यापासून ताटात पडेपर्यंत जवळजवळ दोन वर्षं झाली. चौथीतल्या पोराला हे सांगितलं की ते तोंडात बोट घालतं. आणि फुलोऱ्यात भर सकाळी कीटकनाशक मारलं तर माशी मरते आणि गोंडा पोकळ राहतो, हेही त्याच्याच पुढं सांगता येतं. विज्ञानाच्या पुस्तकातलं परागीभवन हेच की.

बाण दुसरा : हात

जानेवारीत आमच्या जिल्हा परिषद शाळेची सहावी-सातवीची पोरं लागवड चालू असताना माझ्या वावरात आली होती. गुरुजी हौशी. मी म्हटलं, आज गणित इथंच करू. दोन रोपांत दहा सेंटीमीटर, दोन ओळींत पंधरा सेंटीमीटर. एक चौरस मीटरात किती रोपं? पोरांनी काडीनं मातीत गुणाकार-भागाकार केला. सहासष्ट आली. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. पावणेतीन लाखाच्या जवळ गेलं. वाफ्याचे वरंबे, पाट सोडून आपण २ लाख ४० हजार धरली.

मग विचारलं, एवढी रोपं वीस बायकांनी एका दिवसात लावली तर एकीच्या वाट्याला किती? बारा हजार. आठ तासांनी भागा. तासाला दीड हजार. मिनिटाला पंचवीस. पोरं गप्प झाली आणि वाफ्यात ओणव्या बसलेल्या बायांच्या हाताकडं बघायला लागली. एकानं मोबाईलवर मिनिट लावून मोजलंसुद्धा. एका मावशीची सत्तावीस भरली.

त्यांच्यात एक मुलगी होती, तिची आई टोळीत जाते. मी लागवडीचा दर सांगायला तोंड उघडलं तोवर ती म्हणाली, "काका, एकरी बारा हजार, गाडीभाडं वेगळं." वर्गात मागं बसणारी ती पोरगी, असं गुरुजी नंतर म्हणाले. त्या दिवशी सगळ्यात जास्त उत्तरं तिनं दिली. कोणत्या गावाहून टोळ्या येतात, उक्त्यानं आणि रोजानं यात फरक काय, पाठ दुखते तेव्हा काय करतात, सगळं तिला माहीत. आपल्या अभ्यासक्रमात तिच्या घरच्या ज्ञानाला एक मार्कसुद्धा नाही. ते मला खटकलं, म्हणून ही नोंद लिहायला घेतली.

बाण तिसरा : पाणी, लाईट, फवारा

कांद्याला पाणी दिलं एवढं एक वाक्य पुस्तकात येतं. ते कधी दिलं? थ्री फेजची लाईट आठवड्यानं पाळी बदलते. रात्रपाळीचा आठवडा असला की जानेवारीच्या थंडीत रात्री बारी धरायची. आमच्याकडं बिबट्या आहे, त्यामुळं एकट्यानं जायचं नाही, बॅटरी आणि आवाज करत जायचं. हे पोरांना घाबरवायला सांगायचं नाही, माहिती म्हणून सांगायचं.

आणि फवारणी लपवायची नाही. इथं काही शेतकरी भाऊ माझ्यावर रागावतील. पण पोरांना खरं शिकवायचं तर सगळं खरं शिकवावं लागेल. औषधाच्या डब्यावर रंगीत चिन्ह असतं. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळं, मग निळं, आणि हिरवं त्यातल्या त्यात कमी. पाचवीच्या पोराला हे रंग यायला पाहिजेत, कारण डबा त्याच्याच घरात असतो. लेबलवर शेवटची फवारणी आणि काढणी यात किती दिवस ठेवायचे तेही लिहिलेलं असतं. हे पोरानं वाचलं आणि घरी बापाला विचारलं, "बाबा, भाजी काल फवारली, आज का तोडताय?" तर तो प्रश्न कोणत्याही अधिकाऱ्याच्या तपासणीपेक्षा भारी पडेल. अन्न आपल्या वावरातून निघून दुसऱ्याच्या लेकरापर्यंत जातं, हे आपल्या लेकराला कळणं हाही अभ्यासच आहे.

बाण चौथा : चाळ

निम्म्या माना पडल्या की काढणी. पातीखाली झाकून वावरात वाळवायचा, पात कापून सावलीत सुकवायचा, निवडायचा, मग चाळीत. चाळीला खालून हवा, बाजूनं हवा, थर चार-पाच फुटांच्या वर नाही. एवढं करूनही वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब येतो.

आता सातवीच्या पोरांना घालायचं गणित देतो. आकडे उदाहरणाचे आहेत, आपापल्या वहीतले घाला. एक एकर, १०० क्विंटल उतारा, लागवडीपासून काढणीपर्यंत खर्च ९० हजार. बाजारात न्यायला आणि तिथला खर्च किलोला एक रुपया.

मे महिन्यात किलोला ११ रुपये भाव होता. विकला असता तर हातात दहा रुपयांनी १ लाख आले असते. खर्च वजा जाता १० हजार उरले असते.

शेतकऱ्यानं विकला नाही, चाळीत टाकला. सप्टेंबरात भाव १४ झाला. पण १०० क्विंटलचे ७५ क्विंटलच निघाले. १३ रुपयांनी ९७ हजार ५००. खर्च वजा जाता साडेसात हजार. त्यात चाळीचा, पुन्हा निवडीचा खर्च धरलेलाच नाही.

भाव किलोमागं तीन रुपयांनी वाढला आणि शेतकऱ्याचे अडीच हजार कमी झाले. बातम्यांत त्या दिवशी 'कांदा तेजीत, शेतकऱ्यांना दिलासा' असं आलेलं असतं. सातवीच्या पोरानं हे गणित एकदा सोडवलं की जन्मात ती बातमी तो डोळे झाकून वाचणार नाही. शेकडेवारी, नफा-तोटा, सरासरी, सगळा धडा यात बसतो. 'एका व्यापाऱ्याने बारा पेने विकत घेतली' यापेक्षा वाईट उदाहरण आहे का हे?

बाण पाचवा : लिलाव आणि पट्टी

लासलगावची बाजार समिती १९४७ सालची, देश तिला ओळखतो. आमच्याच भागातल्या किती पोरांनी आत उभं राहून लिलाव बघितलाय? विचारा वर्गात. बाप ट्रॉली घेऊन जातो, पोराला गेटच्या आत काय होतं ते माहीत नसतं. ट्रॅक्टरच्या रांगा, ट्रॉलीच्या कडेनं फिरणारे व्यापारी, मूठभर कांदा हातात घेऊन बोललेला आकडा, आणि मिनिटभरात वर्षाच्या कष्टाला ठरलेला भाव. मग भुईकाटा, मग खळं, मग पट्टी.

पट्टी म्हणजे पोरांना फुटपट्टीच आठवते. आपली पट्टी फळ्यावर लिहा. वजन, भाव, रक्कम, त्यातनं काय काय वजा, शेवटी हातात किती. नाव झाकून दिली तरी चालेल. माझी कोणत्याही शाळेला हवी तर मी देतो. एक पट्टी वाचता येणं हे साक्षरतेचंच काम आहे. आपल्यातले कितीतरी मोठे लोक फक्त शेवटचा आकडा बघून खिशात घालतात.

पुढचा प्रवासही शिकवायचा. खळ्यावर बाया प्रतवारी करतात, मोठा माल वेगळा, गोल्टी वेगळी, खाद वेगळी. गोणी भरतात, हमाल ट्रक भरतात, ड्रायव्हर रात्रभर चालवतो, वाशीला उतरतो, पुन्हा हमाल, पुन्हा व्यापारी, मग हातगाडीवाला. त्या हातगाडीवाल्याच्या गोणीतही चार किलो खराब निघतो, त्यालाही दिवसभर उन्हात उभं राहावं लागतं. मधले सगळे चोर, असं पोरांना शिकवू नका. ते सोपं आहे, पण खरं नाही. कोण काय काम करतो आणि त्याचा त्याला किती वाटा मिळतो, एवढं समोर मांडा. वाटा जास्त की कमी हे पोरं ठरवतील. हमाल-माथाडींसाठी आपल्या राज्यात १९६९ साली कायदा झाला, ओझं उचलणाऱ्यालाही हक्क असतो, हे याच धड्यात येतं.

रिझर्व्ह बँकेनं २०२४ मधे प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात आहे की गिऱ्हाइकानं कांद्याला दिलेल्या एका रुपयातले शेतकऱ्याला साधारण ३६ पैसे मिळतात. टोमॅटोत ३३, बटाट्यात ३७. उरलेले ६४ पैसे कुठं जातात, ही सहामाहीच्या प्रकल्पाची वही होऊ शकते. पोरांनी जाऊन विचारायचं. घरी आईनं कितीला घेतला, दुकानदारानं कितीला आणला, बापानं कितीला विकला.

नागरिकशास्त्राचा धडाही यातच आहे. ऑगस्ट २०२३ मधे कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबर २०२३ मधे निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मधे उठली, आणि उरलेलं २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेलं. शहरातल्या ताटासाठी निर्णय झाला, त्याचा परिणाम निफाडच्या चाळीवर आणि दुबई, मलेशियाच्या बाजारावर झाला. सरकारची बाजूही मांडा. शहरातल्या मजुराच्या घरात पण कांदा लागतो. दोन्ही बाजूंनी वादविवाद स्पर्धा ठेवा. 'मोबाईल शाप की वरदान' किती वर्षं चालवणार?

हे करायचं कधी आणि कोणी?

गुरुजी लोक म्हणतील, आमच्याकडं आधीच कामं किती. निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाईन माहिती, त्यात हे कुठं? त्यांचं खरं आहे. म्हणून नवा विषय, नवं पुस्तक, नवी परीक्षा मी मागत नाही. तसं झालं तर शेतीचंही गाईड निघेल आणि पोरं कांदा न बघता कांद्याचे मार्क मिळवतील.

मागणी छोटी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस विनादप्तराचे सांगितलेत. त्यातले पाच दिवस एका पिकाला द्या. कांद्यात रोपवाटिका एक, लागवड एक, काढणी एक, चाळ एक, लिलाव एक. सहावीत बी टाकताना बघितलं, सातवीत त्याच कांद्याचा लिलाव बघितला. एका दिवसात सगळं दाखवायची घाई नको. पिकाला वेळ लागतो, हाच त्यातला पहिला धडा. धान्याच्या गावात भात, मराठवाड्यात तूर, दुधाच्या गावात दूध. दूध तर रोजचं आहे, फॅटचं मशीन हीच प्रयोगशाळा.

दुसरं, शाळेतली खिचडी. पोषण आहारात सहावी ते आठवीच्या पोराला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी असं प्रमाण आहे. साठ पोरं असतील तर ९ किलो तांदूळ, १ किलो ८०० ग्रॅम डाळ, साडेचार किलो भाजी. पोरांनी रोज हे वजन करावं. तांदूळ कुठून आला, डाळ भरडायच्या आधी तूर होती ती किती महिने वावरात उभी होती, भाजी गावातली का बाहेरची, एवढं शोधावं. शाळेच्या परसबागेतनं त्या साडेचार किलोतली किती निघते ते मोजावं. जे पोर स्वतः लावलेली मेथी खिचडीत बघतं, ते ताटात टाकत नाही.

तिसरं आपल्यासाठी. गावागावात दोन-चार शेतकऱ्यांनी शाळेला सांगावं, आमचं वावर उघडं आहे, आमची वही उघडी आहे. पोरं आली की चार रोपं तुडवतील, तुडवू द्या. कृषी सहायक आणि विद्यापीठाच्या मंडळींनी वर्षातनं एक दिवस शेतकरी मेळाव्याऐवजी शाळेत घालवावा. आपल्या सवयी बदलायला तुम्ही वीस वर्षं घालवलीत, बारा वर्षांचं पोर पंधरा मिनिटांत समजून घेतं.

ही काही माझी नवी कल्पना नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढं दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत काय असावं ते सांगितलं होतं. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांची ओळख, आणि त्यातच शेतीचं प्राथमिक ज्ञान. हिशेब आणि शेती त्यांनी एकाच यादीत मागितली. आपण हिशेब शाळेत ठेवला, शेती वावरात ठेवली, आणि दोघांची गाठ पडू दिली नाही. त्याचा तोटा दोन्हीकडं झाला.

काही जण म्हणतात, पोरांना शेती कशाला शिकवता, आम्हाला तर पोरं शेतीतनं बाहेर काढायचीत. काढा ना. माझा पण विरोध नाही. त्यातलं एखादं तहसीलदार होईल, एखादं बँकेत बसेल, एखादं पत्रकार होईल, बरीचशी पुण्या-मुंबईला राहून किलोभर कांदा विकत घेतील. उद्या कांद्यावर निर्णय घेणारी, बातमी लिहिणारी, कर्ज मंजूर करणारी हीच पोरं आहेत. चाळीतली घट त्यांना माहीत असेल तर निर्णय वेगळा होईल. शेतीत राहणाऱ्याला तर हे लागणारच आहे. म्हणून शेती सोडणाऱ्यालाच हा धडा जास्त गरजेचा आहे.

आपल्याला राजा म्हटलेलं नको आणि बिचारा म्हटलेलंही नको. आपला माल कसा जातो, त्यात कोणाचे हात लागतात, कोणाला किती मिळतं, एवढं पोरांना नीट दाखवा. पुढचं ती बघून घेतील.

तुमच्या गावच्या शाळेत असं काही चालू असेल तर पीक कोणतं आणि दिवस किती, एवढं जरूर कळवा. आणि गणिताच्या गुरुजींना चाळीचा हिशोब वर्गात घालायचा असेल तर खुशाल घाला, विचारायची गरज नाही.

पुढची नोंद रोपवाटिकेतल्या मरीवर. तोवर राम राम.